न पोहणारा वाण

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या महिन्यात थोरलीने मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आजी, तू लॅबमध्ये काय करायचीस?" मी उत्तर द्यायच्या आत मागून तुमच्या आईचा आवाज आला, "आजी नळ्या धुवायची." धाकटा हसला आणि विषय तिथेच संपला. नळ्या मी धुतल्या आहेत, ते नाकारत नाही. पण ते काम दुपारी दोन ते तीन एवढंच असायचं. उरलेल्या वेळात मी काय करत होते ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आत्ताच लिहिण्याला आणखी एक कारण आहे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी ज्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काम केलं, तिथून मला पत्र आलं. तिथला एक वाण, म्हणजे नळीत पिढ्यानुपिढ्या वाढवलेली एका सूक्ष्म जिवाची जात, दुसऱ्या शहरातल्या जिवंत वाणांच्या संग्रहात पाठवायचा आहे आणि वाणाबरोबर त्याचा इतिहास द्यावा लागतो. जुन्या वह्या माझ्या अक्षरात आहेत, तेव्हा तो मीच लिहावा असं ठरलं. मी इंग्रजीत एक पान लिहून दिलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. तसलं पान मला अर्ध्या तासात लिहिता येतं. त्या पानावर जे मावलं नाही ते इथे लिहिते. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी हे संपवायचं आहे.

आधी तो जीव कसा असतो ते सांगते. तो तळ्यात, डबक्यात राहतो. सगळा मिळून एकाच पेशीचा. आकार नासपतीसारखा. वीस जणांना रांगेत उभं केलं तर एक मिलिमीटर भरेल. त्याला टेट्राहायमिना म्हणतात. त्याच्या सबंध अंगावर बारीक तंतू असतात, ते हलवून तो पोहतो आणि तोंडाजवळचे तंतू हलवून खाणं आत ओढतो. मराठी पाठ्यपुस्तकात त्या तंतूंना पक्ष्माभिका म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे सिलिया म्हणत, मीही तेच म्हणेन. तुमच्या नाकात आणि श्वासनळीतही सिलिया आहेत. सर्दी बाहेर ढकलण्याचं काम त्या करतात.

सिलिया हलतात कशा हे मी वर्गात बरीच वर्षं चुकीचं नाही, पण अर्धवट शिकवलं. एखादी वही शिवणीच्या बाजूने घट्ट धरा आणि वाकवा. मोकळ्या कडेला पानं एकमेकांवरून सरकतात. आता हेच उलट घ्या. पानं सरकवली तर वही वाकेल. प्रत्येक सिलियाच्या आत उभ्या नलिकांच्या नऊ जोड्या असतात, बुडाशी बांधलेल्या. एका जोडीवर बसलेली प्रथिनं शेजारच्या जोडीला धरून, विहिरीतून दोर ओढताना हात सरकतात तशी, पुढेपुढे सरकतात. जोड्या एकमेकींवरून घसरतात आणि सिलिया वाकते. अशा प्रथिनांना मोटर प्रथिनं म्हणतात. सिलियामधल्यांचं नाव डायनिन. डायनिन एकच नसतं, ते पुष्कळ भावंडांचं कुटुंब आहे आणि प्रत्येकाचं जनुक वेगळं. कुणामुळे वेग येतो, कुणामुळे वळण येतं. कोण काय करतं हे शोधायचा एक जुना मार्ग आहे. एकाला काढून टाकायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं.

आमची प्रयोगशाळा ते करत होती. मी बिबवेवाडीहून बसने स्वारगेटला आणि तिथून दुसऱ्या बसने शहराच्या पश्चिमेला जायची. साडेनऊला पोचायची. प्रयोगशाळेचे प्रमुख एकेकाळी माझ्या अकरावीच्या वर्गात होते. बेडूक कसा उघडायचा ते मी त्यांना दाखवलं होतं. ते मला मॅडम म्हणत, मी त्यांना सर म्हणायची. पहिले दोन आठवडे दोघांनाही अवघड गेलं, मग सवय झाली.

माझं काम वाण जिवंत ठेवण्याचं होतं. टेट्राहायमिना काचेच्या नळीत, पिवळसर पातळ खाद्यात राहतात. दोन आठवड्यांत ते खाद्य संपतं आणि पाणी त्यांच्याच मळाने खराब होतं. त्याआधी जुन्या नळीतला एक थेंब नव्या नळीत टाकायचा. नळीचं तोंड बर्नरच्या ज्योतीतून फिरवायचं, कापसाचं बूच लावायचं, चिठ्ठी चिकटवायची, वहीत नोंद करायची. नवी नळी दोनदा नीट वाढली की जुनी ऑटोक्लेव्हमध्ये टाकायची. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर, त्यातून काही जिवंत बाहेर येत नाही. साठ-सत्तर नळ्या असायच्या. माझ्या आधी हे काम विद्यार्थी आळीपाळीने करत आणि महिन्याला दोन-तीन वाण जात. माझ्या हातून पहिल्या दोन वर्षांत एकही गेला नाही. सर पाहुण्यांना माझी वही दाखवत.

ज्या विद्यार्थिनीची ही हकीकत आहे ती वारज्याची. तिचं घर तिथल्या मूळ गावातलं. जमीन होती, तिच्यावर आता इमारती आहेत. पीएच.डी. करणारी त्या घरातली ती पहिली. मला काकू म्हणायची. डबा रोज दोन माणसांचा आणायची आणि दुसरा माणूस कोण ते कधीच ठरलेलं नसायचं. तिने एका डायनिनचं जनुक काढून टाकलेला वाण तयार केला होता. त्याला पाऊण वर्ष लागलं होतं.

तो कसा तयार केला ते थोडं समजून घ्या, कारण चूक तिथूनच सुरू होते. या जिवाच्या मोठ्या केंद्रकात प्रत्येक जनुकाच्या एक-दोन नाही, चाळीसहून जास्त प्रती असतात. सगळ्या एकदम बदलता येत नाहीत. तिने काही प्रतींच्या जागी दुसरंच एक जनुक बसवलं. ते ज्याच्याकडे आहे त्याला एक विशिष्ट औषध मारू शकत नाही. मग खाद्यात ते औषध घातलं. पेशी दुभंगताना प्रती मोजून वाटल्या जात नाहीत, पिसलेल्या पत्त्यांसारख्या कुठल्याही दोन्हीकडे जातात. त्यामुळे पिढ्यानुपिढ्या काही वंशजांत बदललेल्या प्रती जास्त होत गेल्या, आणि औषध वाढवत नेलं तसे तेवढेच जगले. जनुक असेल तर चाचणीत त्याची रेघ उमटते; शेवटी मूळ जनुकाची रेघ दिसेनाशी झाली. ते जीव पोहेनासे झाले. जागच्या जागी हळू गोल फिरायचे. ती सूक्ष्मदर्शकावरून उठली आणि म्हणाली, "काकू, बघा ना, किती आळशी आहेत." एवढ्या कौतुकाने मी कुणाला आळशी म्हणताना ऐकलेलं नाही.

औषधाने पेशींच्या वाढीवरही परिणाम होतो, मोजमापं बिघडतात. म्हणून सर म्हणाले, आता औषध बंद करा. नळ्या माझ्याकडे आल्या. आठ महिने त्या माझ्याकडे होत्या.

त्या काळात तिने मोजमापं पूर्ण करून संशोधन लिहून एका नियतकालिकाकडे पाठवलं. परीक्षकांनी परत पाठवताना एकच मोठी मागणी केली. निरोगी जनुक पुन्हा आत घाला आणि पोहणं परत येतं का ते दाखवा. तसं दाखवलं नाही तर पोहणं दुसऱ्याच कशाने बिघडलं असेल, असं कुणीही म्हणू शकतं. मागणी योग्य होती. मुदत तीन महिन्यांची. तिची शिष्यवृत्ती दिवाळीला संपणार होती आणि प्रबंधाचं मुख्य प्रकरण हेच होतं.

तिने माझ्याकडून नळ्या नेल्या. अर्ध्या पेशींत निरोगी जनुक घातलं, अर्ध्या तुलनेसाठी तशाच ठेवल्या. दहा दिवसांनी निरोगी जनुक मिळालेल्या पेशी छान पोहत होत्या. तिने मला हाक मारली, मी पाहिलं, आम्ही दोघी हसलो. मग तिने तुलनेची ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि फोकसचं चाक पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

"काय गं?"

"काकू, कंट्रोलपण पोहतोय."

ज्यांना काहीच दिलेलं नव्हतं, तेही पोहत होते. तेवढेच छान.

सरांनी लगेच एक साधी परीक्षा केली. माझ्या त्या वाणाच्या नळ्यांतून मी थेंब घेतले, औषध घातलेल्या खाद्यात सोडले. तिसऱ्या दिवशी सगळे मेले. म्हणजे त्यांच्यात बदललेली प्रत उरलेलीच नव्हती, ते साधे पोहणारे टेट्राहायमिना होते. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या दोन कुप्या होत्या. त्या वितळवल्या, त्यांतून काही उठलं नाही. सरांनी निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता. कुठेतरी नळ्यांची अदलाबदल झाली.

"लेबल कोण लावतं?" त्यांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली. त्या वाणाच्या चिठ्ठ्या ती स्वतः लिहून मला द्यायची, दुसऱ्या कुणाला लिहू द्यायची नाही.

"मग ही मंडळी पोहायला कुठे शिकली? क्लास लावला होता का?"

"सर, मी दोनदा तपासून लावते."

"दोनदा तपासून चुकणं हे एकदा तपासून चुकण्यापेक्षा वाईट."

मी वही उघडून समोर ठेवली. "वहीत सगळ्या तारखा जुळतात," मी म्हटलं.

"मॅडम, वही तुमची आहे, ती जुळणारच. प्रश्न चिठ्ठ्यांचा आहे."

हे वाक्य मला त्या क्षणी बरं वाटलं. तिच्या बाजूने बोलायला उभी राहिले होते आणि स्वतःची स्तुती ऐकून खाली बसले. ती पिशवी उचलून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद.

तिसऱ्या दिवशी सरांनी मला त्या वाणाच्या उरलेल्या नळ्यांची यादी करायला सांगितली. नळीत वर जिवंत किती, तळाशी मेलेल्या किती, असा रकाना मी आखला. माझी सवय अशी की रकाना आखला की तो भरायचा. तळाचा पांढुरका गाळ मी रोज पाहत होते. उभ्या ठेवलेल्या प्रत्येक नळीत तो असतोच. मेलेल्या पेशी आणि त्यांची घाण खाली बसते. त्यातला थेंब मी कधी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला नव्हता. त्या दिवशी मोजायचं म्हणून ठेवला.

पुष्कळशा खरोखर मेलेल्या होत्या, फुटलेल्या. पण त्यांच्यामध्ये काही अखंड होत्या. त्या जागच्या जागी, हळू, गोल फिरत होत्या.

मी दुसऱ्या नळीच्या तळाचा थेंब घेतला. तिथेही काही होत्या, कमी.

तुम्हाला आता सांगते मी आठ महिने काय केलं होतं. टेट्राहायमिना उभ्या नळीत वर येऊन पोहतात, तिथे हवा मिळते. थेंब घ्यायचा तो मी नेहमी वरून घ्यायची. स्वच्छ, भरपूर, गाळ न येणारा. ही रीत मला कुणी या प्रयोगशाळेत शिकवली नव्हती. कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला मुलांना हलणारा जीव दाखवावा लागे. गवताच्या पाण्यातून मी जिथे हालचाल दिसेल तिथला थेंब उचलायची, आणि बाहेरून आलेले परीक्षक खूश व्हायचे. तीस वर्षं तसंच केलं. हात आपोआप वर जायचा. तिच्या वाणात चाचणीला न दिसण्याइतक्या थोड्या मूळ प्रती काही पेशींत उरलेल्या असणार. औषध होतं तोवर त्या दबून होत्या. औषध थांबलं, आणि दर वाटणीत ज्यांच्या वाट्याला मूळ प्रती जास्त आल्या त्या थोड्या बऱ्या पोहू लागल्या, जास्त खाऊ लागल्या, वर येऊ लागल्या. दर दोन आठवड्यांनी मी नेमक्या त्या पुढे नेल्या. बाकीच्या तळाशी राहिल्या आणि नळीसकट ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या. सरांच्या परीक्षेसाठीही मी थेंब वरूनच घेतले होते. वहीत प्रत्येक तारीख बरोबर होती. थेंब कुठून घेतला याला वहीत रकाना नव्हता.

संग्रहासाठी दिलेल्या इंग्रजी पानावर मी "हाताळणीच्या पद्धतीमुळे अनवधानाने झालेली निवड" असं लिहिलं आहे. ते खरं आहे. निवड कुणी केली ते त्या वाक्यात नाही. ती मी केली.

त्या दुपारी ऑटोक्लेव्हला जायच्या टोपलीत त्या वाणाच्या दोन जुन्या नळ्या होत्या. त्या काढून वेगळ्या ठेवल्या, त्यांच्यावर "हात लावू नये" असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वारज्याची बस पकडली.

पत्ता कार्यालयात मिळाला होता. गावठाणातलं घर, वर दोन मजले चढवलेले, खाली मोबाइलचं दुकान. दार तिच्या आजीने उघडलं.

"कोन पायजे?"

मी लॅबमधून आले आहे असं सांगितलं.

"त्या किड्यांच्या बाई का तुमी?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मेली का किडी?"

"नाही, जिवंत आहेत."

"मंग पोरगी का रडतीया? दोन दिस झालं, धड जेवली न्हाय. एवढाल्या किड्यापायी कोन रडतं व्हय?" आणि आत तोंड करून, "ए, तुझ्या बाई आल्यात गं! किडी हायेत म्हनं अजून!"

ती जिन्यावरून खाली आली. केस विंचरलेले नव्हते. "काकू, तुम्ही? इतक्या लांब?"

मी बसायच्या आधीच सांगितलं. तळातल्या सगळ्या मेलेल्या नाहीत. मी आठ महिने वरून घेत होते. तिला समजायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली.

"म्हणजे लेबलं बरोबर होती," ती म्हणाली.

"बरोबर होती."

"सगळी?"

"सगळी."

मला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने विचारलं, "सरांना सांगितलं?"

"उद्या सकाळी सांगते."

"आत्ता सांगा ना, काकू. फोनवर."

अशा गोष्टी फोनवर बोलणं मला आवडत नाही, समोर बसून बोलाव्यात असं माझं मत आहे. पण ती तिथेच बसून राहिली आणि तिची आजीही दारात उभी राहिली. मी फोन लावला आणि सगळं क्रमाने सांगितलं.

सर म्हणाले, "मॅडम, कॉलेजातही तुमचं हेच होतं. पहिल्या दोन बाकांवरची मुलं घेऊन पुढे जायचात."

"तू तिसऱ्या बाकावर होतास," मी म्हटलं. "तरी पुढे गेलास."

"म्हणून तर लक्षात आहे." नंतर आवाज बदलून, "जुन्या नळ्या किती आहेत?"

"दोन. शिवाय चालू असलेल्या चार, पण त्यांच्या तळाशी फार थोड्या आहेत."

"आणि त्याआधीच्या?"

"शुक्रवारी गेल्या. वेळापत्रकाप्रमाणे."

"अर्थातच," सर म्हणाले. "तिला द्या फोन."

ती फोन घेऊन बाहेर गेली. सर तिला काय म्हणाले ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परत आली तेव्हा केस बांधलेले होते. आजीने गुळाचा चहा दिला आणि मला विचारलं, "जगत्याल का?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"डागदरावानी बोलू नका."

दुसऱ्या दिवसापासून पाच आठवडे आम्ही दोघींनी जे काम केलं ते सांगायला कंटाळवाणं आहे आणि करायलाही तसंच होतं. नळी हलवायची नाही. लांब, बारीक टोकाची काचनळी घ्यायची, तिचा रबरी फुगा बाहेरच दाबून ठेवायचा, म्हणजे आत गेल्यावर बुडबुडे सुटून पाणी ढवळत नाही. हळू तळापर्यंत न्यायची, फुगा किंचित सैल करायचा, वर काढायची. हे मी करायची. माझा हात स्थिर होता. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक न पोहणारी पेशी उचलून प्लास्टिकच्या ताटलीतल्या वेगळ्या खळग्यात सोडायची. एका ताटलीत शहाण्णव खळगे. हे ती करायची, कारण माझ्या डोळ्यांत तेव्हाच धूसरपणा सुरू झाला होता. मी एकदा ओरडले, "तो बघ, तो फिरतोय!" ती म्हणाली, "काकू, तो स्वेटरचा धागा आहे. एसीच्या वाऱ्याने हलतोय." बारीक टोकाच्या काचनळ्या तयार मिळतात त्या पुरेशा बारीक नव्हत्या. बर्नरवर काच तापवून ओढून मी घरच्या घरी शेवया कराव्यात तशा करत असे. तिनांतली एक जमायची.

खळग्यातली पेशी दुभंगून वाढली की तिला औषध द्यायचं. बदललेल्या प्रती पुरेशा असल्या तर ती जगणार.

पहिली ताटली चार दिवसांत सगळी मेली. दुसरीतले नऊ खळगे औषधाच्या पहिल्या मात्रेला टिकले, दुसऱ्या मात्रेला एकही नाही. तुमचे आजोबा संध्याकाळी दार उघडताना रोज विचारायचे, "आज किती गेले?" मी आकडा सांगायची, ते "बरं" म्हणून टीव्हीकडे वळायचे. एकदा मी आकडा सांगितला नाही तर म्हणाले, "म्हणजे सगळेच." मी हो म्हटलं. त्यांनी त्या दिवशी बातम्या लावल्या नाहीत.

परीक्षकांच्या मुदतीतले सात आठवडे तोवर गेले होते. सरांनी आणखी तीन महिने मागितले, दोन मिळाले. ती डबा आणायची विसरू लागली. मी दोन माणसांचा नेऊ लागले. एकदा जेवताना ती म्हणाली, "नाही जमलं तर मी घरी काय सांगू? चार वर्षं काय केलं म्हणून?" मी म्हटलं, माझं नाव सांग. ती म्हणाली, "आजी म्हणेल, एवढी नीटनेटकी बाई, असं कसं करील?" दोघीही हसलो नाही.

तळाचा गाळ संपत आला होता. पाचव्या ताटलीसाठी मी दोन्ही जुन्या नळ्यांतलं वरचं पाणी पूर्ण काढून टाकलं आणि उरलेल्या बोटभर पाण्यातून होतं नव्हतं ते तिला दिलं. त्यानंतर नळ्यांत काही नव्हतं. त्या ताटलीतले तीन खळगे औषधाच्या पहिल्या मात्रेला टिकले. दुसऱ्या मात्रेलाही टिकले. तिसरी मात्रा सरांनी स्वतः घातली आणि आम्हाला दोन दिवस ताटलीला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या सकाळी मी पोचले तेव्हा ती आधीच आत होती. तिने नुसती खुर्ची रिकामी करून दिली. धूसर असलं तरी एवढं मला दिसलं. खळग्याच्या तळाशी पुष्कळ होते आणि कुणीही कुठे जात नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. त्यांतल्या एका वाणात तिने निरोगी जनुक घातलं. पोहणं परत आलं, पूर्ण नाही, पण ज्यांना जनुक दिलं नव्हतं ते या वेळी तळाशीच राहिले. सर म्हणाले, "अर्धं का होईना, कारणासहित पोहतायत." तोवर वाढीव मुदत संपूनही सहा दिवस उलटून गेले होते. त्या नियतकालिकाने लेख घेतला नाही, दुसऱ्याने घेतला. प्रबंध अर्ध्या वर्षाच्या उशिराने गेला आणि स्वीकारला गेला. मधले महिने तिने शिष्यवृत्तीशिवाय, वारज्यातल्या एका क्लासमध्ये शिकवून काढले. तो अर्ध्या वर्षाचा उशीर माझ्यामुळे झाला. तिने तो कधी माझ्यासमोर काढला नाही. आता ती दुसऱ्या राज्यात शिकवते. वर्षातून दोनदा फोन येतो, डोळ्यांची चौकशी करते.

मी आणखी दीड वर्ष काम केलं. वहीत "थेंब कुठून" असा रकाना घातला, नळी आधी हलवायची की नाही तेही लिहून ठेवलं. माझ्यानंतर आलेल्या मुलीला तो रकाना जास्तीचा वाटतो असं ऐकते. सरांनी तो काढू दिलेला नाही.

तीन खळग्यांतून तीन वाण केले होते. पहिला पुढच्या उन्हाळ्यात, सुट्टीत थंड खोलीतली वीज गेली तेव्हा गेला. दुसरा हळूहळू पोहायला लागला. तो ठेवला नाही. तिसरा कायम औषधात असतो आणि दर दोन आठवड्यांनी नव्या नळीत जातो. आज त्याच्या सहा नळ्या आहेत. चार पुण्यात राहतील, दोन संग्रहाकडे जातील. सहाही काल सकाळी जिवंत होत्या.